परमुलखातला पाळणा

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांच्यासोबत दोन वर्षांची मनोरमा होती. आणि वाँटेज येथील मठवासी भगिनींच्या आश्रयाने राहत असताना त्यांना ज्या वादांना तोंड द्यावे लागले त्यांतील धर्मविषयक वादांची चर्चा आपल्याकडे यथास्थित झाली असली, तरी या मुलीला कोणी, कोठे आणि कोणत्या वळणाने वाढवावयाचे, हा त्यांच्या त्या काळातील पत्रव्यवहारात पुनःपुन्हा डोके वर काढणारा प्रश्न मात्र त्या मोठ्या वादाच्या सावलीतच राहिला. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती, पण शाकाहार सोडला नव्हता. जे धर्मसिद्धान्त आपल्या बुद्धीला पटलेले नाहीत ते आपल्या मुलीच्या गळी उतरविले जाऊ नयेत असा त्यांचा आग्रह होता. आणि त्या पोरीवर मनापासून माया करणाऱ्या भगिनींना हा आग्रह आईचा अधिकार न वाटता हट्ट वाटत असे. पुढे पस्तीस वर्षांनी, १९१८ मध्ये, मूळचे गोव्याचे धर्मानंद कोसंबी आपली कन्या माणिक आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांना घेऊन अमेरिकेतील केंब्रिजला गेले. मुलगा तेथल्या शाळांत शिकला, बालवीरांच्या पथकात हिंडला, १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला आणि स्वदेशी परतल्यावर गणिताबरोबरच भारतीय इतिहासाच्या अभ्यासालाही त्याने नवे वळण दिले. त्या काळी असे अनुभव वाट्यास येणारी मराठी घरे बोटांवर मोजता आली असती. आज पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर येथील मध्यमवर्गीय वस्त्यांत ज्या घराचे एखादे नातवंड परमुलखात वाढत नाही असे घर शोधावे लागेल.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली स्थापन झाले. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आपले दरवाजे आशियातील सुशिक्षितांना उघडले, आणि तेथे गावोगाव निघालेल्या मंडळांची मोट बांधून १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ अस्तित्वात आले. या संस्थांनी गणेशोत्सव केले, नाटके आणली, रविवारच्या मराठी शाळा चालविल्या, अधिवेशने भरविली. आणि या सर्व खटाटोपाविषयी जे विपुल लेखन आपल्या वार्षिकांतून दरसाल छापून येते ते वाचले, म्हणजे परदेशातील अपत्यसंगोपन हा मुख्यतः सण आणि भाषा टिकविण्याचा प्रश्न आहे असा कोणाचाही समज व्हावा. माझे मत निराळे आहे. सण वर्षातून चारदोनदा येतात आणि त्यांविषयी परका समाज सहसा कौतुकानेच बोलतो. खटका उडतो तो न्हाणीघरात, ताटावर, अंथरुणावर, शाळेच्या फाटकापाशी, म्हणजे अशा ठिकाणी की जेथील आपले वागणे हा आपला आचार आहे याची आपल्याला जाणीवच नसते, ती आपल्याला माणसाची उपजत रीत वाटत असते. या लहानसहान खटक्यांचा, काही देशांच्या अनुषंगाने, येथे आढावा घ्यावयाचा आहे.

आरंभ अर्थातच बाळंतिणीच्या खोलीपासून होतो. नेदरलँड्समध्ये प्रसूतीनंतर साधारण आठवडाभर एक प्रशिक्षित परिचारिका रोज घरी येते, तिचा बहुतांश खर्च विमा उचलतो, आणि बाळाचे तापमान, वजन, दूध, लघवी या सर्वांची ती एका वहीत बारकाईने नोंद ठेवते. त्याच सुमारास तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आजीही येऊन दाखल झालेली असते. तिच्या सामानात डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा, वेखंड, गुटीची पुडी आणि कापडात गुंडाळलेली सहाण असते. परिचारिकेला खिडकी उघडी हवी असते, आजीला बाळाच्या कानावरून कुंची सरकलेली खपत नाही. परिचारिका अंघोळ दोन-तीन दिवसांआड पुरे म्हणते, आजीच्या हिशेबी तेल-पाण्यावाचून बाळ अंग धरीत नाही. आणि ओव्या-वेखंडाची धुरी दिल्याबरोबर छतावरील धूरसूचक यंत्र असे किंचाळू लागते, की बाळंतीण, बाळ आणि शेजारी हे तिघेही एकदम जागे होतात. पण ही परिचारिका जेव्हा गरम पाण्याने भरलेली धातूची बाटली लोकरी पिशवीत घालून पाळण्यात पायथ्याशी, बाळाच्या अंगाला लागणार नाही अशा बेताने ठेवते, तेव्हा शेक म्हणजे काय हे या लोकांनाही ठाऊक आहे हे आजीच्या ध्यानात येते आणि त्या दिवसापासून दोघींचे, एकमेकींची भाषा न कळताही, बरे जमू लागते.

यांतील सर्वच मतभेद सारख्या किमतीचे नाहीत, आणि ‘आपली पद्धत, त्यांची पद्धत’ असे म्हणून ते मिटविणेही बरोबर नाही. एक वर्षाच्या आतील बालकाला मध चाटविल्याने क्वचित प्रसंगी स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते हे आता निर्विवाद आहे, आणि बाजारी सुरम्या-काजळात शिशाचा अंश सापडत असल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने त्याला मज्जाव केलेला आहे. या दोन्ही बाबतींत परिचारिकेचे म्हणणे मुकाट्याने ऐकावे, मग गुटी मधाऐवजी आईच्या दुधात उगाळण्याचीही घाई करू नये. कुंची आणि मालिश यांची गोष्ट वेगळी. तेथे शास्त्रापेक्षा सवयच अधिक बोलत असते. जाता जाता सांगावयास हरकत नाही, की आजीने सातासमुद्रापलीकडून जपून नेलेले अळीव हे इंग्लंड-हॉलंडमधील लहान मुले शाळेत ओल्या कापसावर हौसेने उगवितात तीच वनस्पती होय. ती तेथे कोवळ्या पानांसाठी खातात आणि आपण बियांसाठी, एवढाच काय तो फरक.

बारावा दिवस उजाडण्यापूर्वीच सरकारी दफ्तर दारात उभे राहते. आपल्याकडे बारसे होईपर्यंत मूल बिनानावाचे असले तरी कोणाचे काही अडत नाही. आत्याबाई येतील, पाळणा सजेल, कानात नाव सांगितले जाईल. नेदरलँड्समध्ये जन्माची वर्दी तीन दिवसांच्या मुदतीत नगरपालिकेत द्यावी लागते, आणि अमेरिकेत प्रसूतिगृह सोडण्यापूर्वीच बहुधा कारकून नमुना घेऊन खाटेपाशी येतो. तेव्हा बारसे हा नाव ठेवण्याचा विधी न राहता, आधीच ठेवलेले नाव जाहीर करण्याचा समारंभ होऊन बसतो. डेन्मार्कमध्ये संमत नावांची यादी असते आणि तिच्याबाहेरचे नाव हवे असल्यास अर्ज करावा लागतो. जर्मनीत नावावरून मुलगा की मुलगी हे कळले पाहिजे असा दंडक दीर्घकाळ चालत आला होता. भारताशी नाते असलेल्या एका कुटुंबाने मुलीचे नाव ‘किरण’ ठेवले असता नोंदणी अधिकाऱ्याने ते नाकारले, प्रकरण थेट तेथील घटना न्यायालयापर्यंत गेले, आणि केवळ लिंगबोध होत नाही एवढ्या कारणास्तव नाव नाकारता येणार नाही असा निर्णय त्या न्यायालयाने २००८ साली दिला. ज्या महाराष्ट्रात किरण नावाचे काका आणि किरण नावाची मावशी एकाच पंगतीत जेवावयास बसतात, तेथील वाचकाला हा सारा खटला गमतीचा वाटेल. पण त्या मायबापांना त्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले.

वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लावण्याची आपली चाल ही अशीच एक घोटाळ्याची जागा. मुलीच्या नावापुढे पुरुषाचे नाव का, एकाच घरातील नवरा-बायकोचे मधले नाव वेगळे का, हाक मारताना यांतील कोणते नाव घ्यावयाचे, हे प्रश्न शाळेच्या पहिल्या दिवसापासून विमानतळावरील तपासनाक्यापर्यंत मुलाचा पाठलाग करतात. हा प्रश्न ज्यांना समजावून सांगावा लागणार नाही असा युरोपात बहुधा एकच समाज आहे, तो आइसलँडचा. तेथे आजही बहुतेक सर्वजण आडनावाच्या जागी बापाचे, आणि अलीकडे आईचेही, नाव ‘अमक्याचा मुलगा’, ‘अमकीची मुलगी’ अशा रूपाने लावतात. इकडे महाराष्ट्र शासनाने २०२४ पासून सरकारी कागदपत्रांत आईचे नाव घालण्याची सक्ती केली आहे. म्हणजे परदेशी कारकुनांच्या कपाळावरील आठ्यांत आणखी एकीची भर पडण्याची तजवीज झाली.

रात्र झाली की निजण्याचा प्रश्न येतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे परदेशातील नवख्या मराठी आईला जो पहिला खरा एकटेपणा जाणवतो तो येथेच. आपले मूल आईच्या कुशीत, नाहीतर आजीच्या गोधडीत निजते; शाळेत जाऊ लागले तरी ते वेगळे झोपत नाही, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मात्र सांगतात, की तान्हे मूल आईबापांच्या खोलीत असावे पण त्यांच्या अंथरुणावर नसावे, कठीण गादीवर उताणे निजवावे, आणि भोवती उशी, दुलई, बाहुली यांतील काहीही ठेवू नये. उताणे निजविण्याचा प्रचार तेथे १९९४ पासून जोराने झाला आणि झोपेत अकस्मात दगावणाऱ्या अर्भकांची संख्या त्यानंतर पुष्कळ घटली, ही गोष्ट नाकारता येणार नाही. पण याच सल्ल्याच्या आडोशाने, सहा महिन्यांच्या पोराला वेगळ्या खोलीत ठेवून ते रडून रडून आपोआप झोपेपर्यंत दाराबाहेर बसून राहावे, असाही एक उपदेश तेथे रूढ आहे, आणि तो काही त्याच तोलाचा नाही. जपानसारख्या कमालीच्या शिस्तप्रिय देशातही मूल आईबापांच्या मध्ये निजते आणि तरीही मोठे होऊन स्वावलंबी होते. उलट, नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये भर हिवाळ्यात लोकरीत गुंडाळलेली मुले बाबागाडीत घालून घराबाहेर निजवितात, कारण मोकळ्या हवेत झोप गाढ लागते अशी तेथल्या लोकांची श्रद्धा आहे. १९९७ मध्ये एका डॅनिश आईने न्यूयॉर्कमध्ये आपल्या देशच्या चालीप्रमाणे बाबागाडी उपाहारगृहाच्या खिडकीबाहेर ठेवली आणि आत बसून ती तिच्यावर नजर ठेवून होती, तेव्हा पोलिसांनी तिला अटक केली आणि मूल काही दिवसांसाठी तिच्यापासून दूर ठेवले. परदेशी आचाराचा फटका फक्त आपल्यालाच बसतो असे मानणाऱ्यांनी ही हकीकत अवश्य लक्षात ठेवावी.

जेवणाचे प्रकरण याहून मोठे आहे. भरविणे ही आपल्याकडे मायेची भाषा आहे. पाच वर्षांच्या घोड्यालाही चिऊकाऊच्या नावाने घास भरविणारी आजी कोणत्याही वाड्यात आढळेल, आणि ताटात काही उरू नये यासाठी त्याच्यामागे गच्चीपर्यंत धावणारी आईही. पाश्चात्य घरांत वर्षाचे मूल उंच खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने अर्धे तोंडात आणि अर्धे जमिनीवर असे जेवते, आणि ‘पुरे’ म्हटले की ताट उचलले जाते. पोट भरले आहे की नाही याचा निवाडा मुलाने करावयाचा, असा तेथील नियम. मला हा नियम आपल्या रीतीपेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो, जरी तो पाहताना आजीच्या जिवाची होणारी तगमग मला कळते. पण या नियमाचे सर्वांत देखणे रूप पाहावयाचे असेल तर ते युरोपात नव्हे, जपानी प्राथमिक शाळेत पाहावे.

तेथे शालेय भोजनाचा कायदा १९५४ पासून आहे आणि भोजन हा शिक्षणाचाच भाग गणला जातो. दुपारची घंटा झाली की त्या दिवशीची पाळी असलेली मुले पांढरे झगे, टोप्या आणि तोंडावरच्या पट्ट्या चढवून स्वयंपाकघरातून भाताचे, रश्श्याचे आणि भाजीचे जड डबे दोघे-दोघे मिळून वर्गात आणतात. इतर मुले बाके एकत्र सरकवून त्यांचे टेबल करतात. वाढपी मुले सर्वांना सारखे वाढतात, शिक्षकही त्याच पंगतीला त्याच थाळीतले जेवतात, आणि सर्वांना वाढून होईपर्यंत कोणी घासाला हात लावीत नाही. जेवण आटोपल्यावर दुधाचे रिकामे खोके सपाट करून एकावर एक रचले जातात, आणि दिवसाच्या ओघात हीच मुले फडकी घेऊन वर्गाची आणि ओवरीची जमीन पुसतात. आपल्याकडील पंगतीचा थाट, वाढप्यांची लगबग आणि यजमानाचा आग्रह यांतून आग्रह तेवढा वजा केला की जे उरेल ते हे. पण या सुरेख व्यवस्थेत शाकाहारी मराठी मूल बसले की अडचण उभी राहते. कारण तेथील बहुतेक रश्श्यांचा पाया सुकविलेल्या माशाच्या अर्काचा असतो, आणि सर्वांनी एकच अन्न खावे हा तर त्या भोजनाचा आत्मा. मग शाळेशी बोलून घरचा डबा नेण्याची परवानगी मिळवावी लागते, आणि आई काय करते, तर महिन्याचा छापील भोजनपट भिंतीला डकवून, ज्या दिवशी शाळेत बटाट्याची कोशिंबीर असेल त्या दिवशी डब्यातही बटाट्याचीच कोशिंबीर भरते, म्हणजे शेजारच्या मुलाच्या थाळीहून आपल्या मुलाचा डबा फारसा निराळा दिसू नये. टोकियोच्या एदोगावा विभागात, विशेषतः निशि-कासाईच्या परिसरात, भारतीयांची वस्ती मोठी आहे. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली त्याच विभागाच्या प्रतिनिधिसभेवर निवडून आले. परक्या गावच्या कारभारात आपले माणूस बसल्यावर या लहान अडचणींना निदान बोलण्यापुरती जागा मिळते.

अमेरिकेत हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. तेथे सर्वांचे अन्न एक नसते, पण शेंगदाण्याच्या वावड्याने काही मुलांच्या जिवावर बेतते म्हणून अनेक शाळांनी दाण्याला बंदी केली आहे. आणि मराठी स्वयंपाकघरातून दाण्याचे कूट वजा करणे म्हणजे काय, हे साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी आणि चिक्की ही नावे घेतली तरी कळेल. संकष्टीचा डबा तेथे कायद्याने नव्हे पण सौजन्याने रद्द होतो. या बाबतीत मराठी आयांनी जी समजूत दाखविली आहे ती वाखाणण्यासारखी आहे. तिळाचे, खोबऱ्याचे किंवा नुसत्या जिऱ्याचे वाटण लावून त्यांनी निम्मे पदार्थ नव्याने घडविले, आणि त्यांतील काही मुळाहूनही बरे लागतात असे माझे, थोडेसे पाखंडी, मत आहे.

आता ज्या विषयावर परदेशस्थ मराठी माणूस चारचौघांत बोलणे टाळतो त्या विषयाकडे वळू. स्वीडनने १९७९ साली मुलांना घरातदेखील मारण्यास कायद्याने बंदी केली. असे करणारा तो जगातील पहिला देश. नॉर्वेने १९८७ मध्ये, जर्मनीने २००० साली, जपानने २०२० पासून तोच मार्ग धरला; एकाच ब्रिटनमध्ये स्कॉटलंड आणि वेल्स यांनी बंदी केली असून इंग्लंडमध्ये मात्र ‘वाजवी शिक्षे’चा बचाव अजून उपलब्ध आहे, आणि अमेरिकेत आईबापांना अशी मुभा सर्वत्र आहे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील छडी बेकायदा ठरविली. घरातील चापट मात्र अद्याप संस्काराच्याच खाती जमा आहे. ही आपली धारणा किती खोल गेलेली आहे याचे एकच उदाहरण पुरे: १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकात, ज्याच्या इतके कोमल पुस्तक मराठीत क्वचितच झाले असेल, पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मार देऊन विहिरीवर धाडते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांना त्या माराआड असलेले प्रेमच तेवढे दिसले. स्टॉकहोममधील एखाद्या शिक्षिकेला हा प्रसंग वाचून दाखविला तर तिला प्रथम मार दिसेल. दोघांचेही वाचन प्रामाणिक आहे; पण तुम्ही तिच्या गावात राहत असाल तर तिचे वाचन कायदा आहे, आणि तुमचे नाही.

नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे २०११ साली एका भारतीय दाम्पत्याची दोन लहान मुले तेथील बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली, ते प्रकरण दोन्ही देशांच्या परराष्ट्र खात्यांपर्यंत गेले, मुले २०१२ च्या एप्रिलमध्ये काकांच्या स्वाधीन होऊन भारतात आली आणि पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांचा ताबा आईकडे दिला. हाताने भरविले, जवळ निजविले म्हणून मुले हिरावून घेतली, अशी बातमी आपल्याकडे घरोघर पोहोचली. २०२३ मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. नॉर्वेच्या खात्याने आपली कारणे केवळ एवढीच होती हे कधीच मान्य केले नाही, पण गोपनीयतेच्या नियमामुळे त्याची बाजू सविस्तर पुढेही आली नाही. अर्धी फिर्याद ऐकून निकाल देऊ नये, हे आपल्याकडील जुन्या पंचांनाही ठाऊक होते. तथापि ते खाते सर्वस्वी निर्दोष आहे असेही नव्हे: अन्य एका, नॉर्वेजियन कुटुंबाच्याच, प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१९ साली कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा ठपका नॉर्वेवर ठेवला. ज्या राज्यसंस्थेत मूल हे प्रथम स्वतंत्र व्यक्ती आणि मग आईबापांचे अपत्य मानले जाते तेथे राहावयास जाणाऱ्याने ही गोष्ट विमानात बसण्यापूर्वी जाणून घेतली पाहिजे. नंतर ती समजते ती फार महागात.

शाळेची सक्तीही अशीच. जर्मनीत मुलाला घरी शिकविण्याची मुभा नाही, आणि सुटी लागण्याच्या दोन दिवस आधी स्वस्त विमान मिळते म्हणून मुलाला शाळेतून काढून नेले तर दंड होऊ शकतो; भावाचे लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे ही सबब, मुहूर्त कितीही चांगला असला तरी, मुख्याध्यापकांच्या मर्जीवर अवलंबून राहते. बहुतेक जर्मन राज्यांत चौथी इयत्तेनंतर, म्हणजे दहाव्या वर्षी, मूल पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जाईल हे ठरते. आणि ज्या मराठी बापाची सारी हयात दहावी-बारावीच्या टक्केवारीत गेली त्याला ही कसोटी सहा वर्षे अलीकडे आली याचा धक्का बसतो. फिनलंडमध्ये याउलट, शाळा सातव्या वर्षी सुरू होते. सहा वर्षांच्या मुलाला बाराखडी येत नाही म्हणून तेथे कोणी कासावीस होत नाही, एक त्याची आई सोडून. हॉलंडमध्ये देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आणि कालवे दारोदार, त्यामुळे पोहण्याचे पहिले प्रमाणपत्र हे तेथल्या बालपणाचे जणू ओळखपत्र आहे. आणि त्याची परीक्षा नुसत्या पोहण्याच्या पोशाखात होत नाही, कपडे आणि जोडे घालूनही पोहून दाखवावे लागते, कारण कालव्यात पडणारे मूल कपडे बदलून पडत नाही. श्यामच्या आईला ही परीक्षा पसंत पडली असती.

वडीलधाऱ्यांना कसे संबोधावे हा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण त्याचा बाऊ फार होतो. स्वीडनमध्ये मूल शिक्षकाला पहिल्या नावाने हाक मारते, शेजारच्या सत्तर वर्षांच्या गृहस्थालाही तसेच. आणि तेच मूल सुटीत साताऱ्याला आले की आजोबांना ‘तू कधी उठलास?’ असे विचारते, तेव्हा ओसरीवर क्षणभर शांतता पसरते. पण इरावती कर्वे यांच्या पुण्यातील घरात मुले आईवडिलांना ‘इरू’ आणि ‘दिनू’ म्हणत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी या अरे-तुरेवरून संस्कृतीच्या मृत्यूची द्वाही फिरवू नये. आदर नातवाच्या वागण्यात शोधावा. तो साताऱ्याच्या आजोबांचा चष्मा न सांगता शोधून आणून देत असेल, तर क्रियापदाच्या रूपाला फारसे मनावर घेण्याचे कारण नाही.

आखाती देशांतील मराठी मुलांची गोष्ट या सर्वांहून निराळी आहे, आणि ती आपल्याकडे कमी लिहिली जाते. दुबई, मस्कत, दोहा येथे ती बहुधा भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत जातात, वर्गात मल्याळी, तमिळ, गुजराती मुले असतात, स्थानिक अरब मुलाशी मैत्री क्वचितच होते. आणि बापाची नोकरी संपली की साऱ्या कुटुंबाचा मुक्काम हलतो, कारण तेथे जन्माने नागरिकत्व मिळत नाही. ही मुले परक्या संस्कृतीशी झगडत नाहीत. त्यांचा झगडा सुरू होतो तो अठराव्या वर्षी पुण्याच्या महाविद्यालयात आल्यावर. मॉरिशसमध्ये त्याच्या नेमके उलट झाले: गेल्या शतकाच्याही आधी, १८३० नंतरच्या दशकांत, मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथले नागरिक झाले, घरात क्रिओल बोलू लागले, पण गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुटी आणि शाळेतील मराठीचा तास त्यांनी टिकविला. सण आणि भाषेचा पाठ सरकारी आश्रयाने टिकू शकतात, परंतु घरातील रोजचे वळण त्या आश्रयाने टिकत नाही आणि मोडतही नाही, असा या उदाहरणाचा मी अर्थ लावतो.

म्हणून परदेशातील आपल्या मंडळांना एक विनंती करावयाची आहे. स्वीडनने १९७९ चा कायदा केला तेव्हा त्याची माहिती देणारे पत्रक मुलेबाळे असलेल्या घरोघरी पाठविले, देशात येऊन राहिलेल्या परकीयांच्या भाषांतही ते काढले, आणि न्याहारीच्या टेबलावर सर्वांच्या नजरेस पडावा म्हणून दुधाच्या खोक्यांवरही मजकूर छापला. आपल्या मंडळांपाशी छापखान्याइतका पैसा आहे, लिहिणारी माणसे आहेत, आणि स्मरणिका तर दरवर्षी निघतेच. त्या स्मरणिकेतील शुभेच्छांच्या जाहिराती चार पाने कमी करून त्या जागी त्या त्या देशाचे साधे नियम मराठीत छापावेत: जन्मनोंदीची मुदत किती, मध आणि काजळ का नको, मोटारीत मुलासाठी कोणती खुर्ची लागते, मूल किती वयापर्यंत घरी एकटे ठेवता येत नाही, शाळा बुडविल्यास काय होते, चापट मारल्यास काय होते, आणि बालकल्याण खात्याचा माणूस दारात आला तर कोणते हक्क आपले आणि कोणते त्याचे. ही चार पाने नव्याने जाणाऱ्या जोडप्याला तर द्यावीतच, पण प्रथम त्याच्यामागोमाग निघालेल्या आजीआजोबांच्या हाती पडतील अशी व्यवस्था करावी. दुपारभर मूल त्यांच्यापाशी असते.